बांधावरचा व्यापारी

करडईचा भाव कोण ठरवतं, यावर सोलापूरच्या मंगळवार पेठेत रोज संध्याकाळी वाद व्हायचा आणि रोज तो तसाच लोंबकळत राहायचा. कुणी म्हणायचा, मुंबई ठरवते. दुसरा म्हणायचा, मुंबई कसली, शेंगतेल ठरवतं. शेंगतेल चढलं की करडई त्याच्या मागं पदर धरून चालते. म्हातारी माणसं म्हणायची, सिद्धेश्वराच्या जत्रेतलं वासरू ठरवतं. आणि चनबसप्पांचा पुतण्या अण्णाराव म्हणायचा, तुमचं सगळ्यांचं चूक, भाव रानात ठरतो. हे तो अशा थाटात म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, स्वारी आत्ताच रानात भावाला भेटून आलीय.

पण बोलणं वेगळं आणि गादीवर बसणं वेगळं. चनबसप्पांची अडत पेठेत जुनी. दक्षिणेकडच्या, मंद्रूप भागातल्या गावांचा माल त्यांच्याकडं यायचा, तो ते विकून द्यायचे आणि करडई तेलगिरणीला पुरवायचे. चनबसप्पांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. अप्पांना मूलबाळ नव्हतं. दोन भावांचे दोन पोरगे दुकानात होते: एक अण्णाराव, बी.कॉम. झालेला, आणि दुसरा वीरभद्रप्पा, मॅट्रिकला दोनदा आपटून तिसऱ्यांदा त्या वाटेला न गेलेला. अप्पांचे गुडघे गेले तेव्हा गादी कुणाला, हा प्रश्न आला. पेठेत गादी एकाचीच असते. दोघांनी बसायला ती काही बाकडं नव्हे.

दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती, आणीबाणीही उठली होती, त्या साली दिवाळीनंतर अप्पांनी अण्णारावला बोलावलं.

"यंदाचा करडईचा सौदा तू कर," ते म्हणाले. "गिरणीला काय भाव सांगायचा, किती मालाचा शब्द द्यायचा, सगळं तुझ्यावर. मी तोंड उघडणार नाही. जमलं तर बसवजयंतीला गादीवर तू बसायचंस. नाही जमलं तर वीरू बसंल आणि तू वळसंगची शेती बघायची. नंतर कुरकुर नको."

"कुरकुर कसली, अप्पा," अण्णाराव म्हणाला. लग्नाच्या वेळी पोरगी पसंत आहे का विचारलं तेव्हा तो जितका लाजला नव्हता, तितका आता लाजला.

सरकारनं तेलबियांचे वायदे बंद करून बरीच वर्षं झाली होती. पण 'होळीच्या आत इतका माल या भावानं घालतो' असा तोंडी शब्द द्यायला कोण बंदी घालणार? पीक रानात उभं असतानाच तो शब्द दिला जायचा. पुढं बाजारभाव पडला तर शब्द देणारा कमावणार, चढला तर पदरचं घालून माल पुरवणार. शब्द मात्र फिरवायचा नाही. फिरवला की पेठेत पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

घरी बायकोला, दाक्षायणीला, त्यानं हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," ती म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, "वळसंगला जायला मी भीत नाही. म्हशी राखीन. पण गादी हुकल्यावर तुमचं तोंड रोज बघायचं, ते माझ्यानं व्हायचं नाही."

"तोंड बघायची वेळच येणार नाही," अण्णाराव म्हणाला.

कॉलेजात त्याला एक प्राध्यापक होते. त्यांनी वर्गात सांगितलं होतं की अमेरिकेतले मोठे व्यापारी भावामागं धावत नाहीत, पिकामागं धावतात. पेरा किती, पाऊस किती, रोग पडला का, मागचा माल किती शिल्लक, हे ज्याला आधी कळलं तो जिंकला. बाकीची पोरं तेव्हा झोपली होती. अण्णाराव जागा होता, हेच पुढं त्याला नडलं म्हणायचं.

त्यानं पेठेतले सगळे ऐकीव मार्ग सोडले. मुंबईचे ट्रंक कॉल सोडले, कारण मुंबईवाला आपल्या सोयीचं सांगतो. रेडिओवरचे बाजारभाव सोडले, ते कालचे असतात. वर्तमानपत्र तर परवाचं सांगतं. तो तहसील कचेरीत गेला आणि पावसाचे आकडे उतरवून आणले. तलाठ्यांना चहा पाजून पेरा विचारला. बारदानवाल्याकडं बसून, पोत्यांना यंदा मागणी कुठून आली, ते काढून घेतलं. आणि एवढ्यावर समाधान होईना म्हणून सरळ रानात उतरला.

आता बघा, अडत्या आणि रानात! पेठेतल्या माणसानं वर्षानुवर्षं शेतकरी बघितला तो दुकानाच्या पायरीवर. हा मात्र पांढरं धोतर खोचून, डोक्याला टॉवेल बांधून एसटीनं गावोगाव हिंडायला लागला. मंद्रूपच्या पुढची सगळी गावं त्यानं पालथी घातली. शाळूच्या रानात मधून मधून करडईच्या ओळी असतात, त्यांत शिरायचा. करडई काटेरी, धोतराच्या चिंध्या झाल्या, पोटऱ्या ओरबाडून निघाल्या. तरी गडी खाली बसून झाडावरची बोंडं मोजणार, पानं उलटी करून मावा पडलाय का बघणार, ढेकूळ फोडून खाली ओल किती ते बघणार. बांधावरच्या माणसाला विचारणार, "काका, किती पेरलीय? औंदा कशी वाटते?" माणूस सांगायचा आणि हा मान डोलवून पुढच्या बांधावर जायचा.

त्या भागात त्याची मावशी राहायची, निंगव्वा. आईची धाकटी बहीण म्हणून तो तिला चिगव्वा म्हणायचा. आई लवकर गेली, तेव्हा शाळेच्या सुट्ट्या सगळ्या चिगव्वाकडंच गेल्या. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं शेती सांभाळली होती आणि गावात तिचा शब्द चालायचा. तिच्याकडं मुक्काम टाकून तो आसपासची रानं बघून आला.

"काय रं बाबा, तलाठी झालास का?" तिनं त्याच्या पोटरीला तेल लावत विचारलं.

"करडई बघतोय, चिगव्वा."

"त्यात बघायचं काय? काटं हायती."

तो हसला. तिनंही पुढं विचारलं नाही. पण बाई गप्प बसली म्हणजे डोकं गप्प बसलं असं नसतं.

जानेवारी उजाडला तोवर अण्णारावचं चित्र पक्कं झालं होतं. पाऊस परतीचा उत्तम, ओल भरपूर, मावा नावाला नाही, पेरा मागच्या सालापेक्षा जास्त. बार्शी-लातूरकडं पेरा उशिरा झाला होता, पण तिकडंही पीक जोरात. करडई उदंड येणार आणि भाव झोपणार, यात शंका नव्हती. आजच्या चढ्या भावानं शब्द देऊन ठेवायचा आणि सुगीत स्वस्तात घेऊन घालायचा. गणित सरळ होतं.

एवढ्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आली. होमाच्या दिवशी वासराची भाकणूक असते. वासरू दिवसभर उपाशी ठेवतात आणि मग त्याच्यापुढं धान्यं, गूळ, खोबरं असं सगळं मांडतात. ज्याला ते तोंड लावील ते महागणार, असं सोलापूर मानतं. अण्णाराव हे मानत नव्हता. तरी रात्रभर एकच घोळत राहिलं: वासरू करडईला भुललं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी वीरभद्रप्पा बातमी घेऊन आला. वासरानं गुळाला तोंड लावलं आणि करडई नुसती हुंगलीसुद्धा नाही.

"झालं की, अण्णा!" वीरभद्रप्पा म्हणाला. मनानं तो वाईट नव्हता. "तुझं रान आणि आमचं वासरू, दोघांचं एकमत!"

अप्पांनी विभूतीचं बोट कपाळाला लावलं. ते खूश होते, हे त्यावरून कळलं. अण्णाराव त्याच दिवशी होटगी रोडच्या गिरणीमालकाकडं गेला आणि दुकानानं आजवर कधी दिला नव्हता एवढ्या मालाचा शब्द देऊन आला. होळीच्या आत.

माघ सरला. करडई काढायची ती पहाटे, दंवानं काटे मऊ असताना. ती काढून झाली, बडवून झाली. अण्णाराव दुकानाच्या पायरीवर उभा राहून गाड्यांची वाट बघायला लागला. ज्वारी आली. तूर आली. हरभरा आला. करडई म्हणून जी आली ती एवढीशी, सणाला तेल काढून आणायला शेजारीण नेईल इतकी.

आठवडा गेला, आणखी एक गेला. भाव पडायचा सोडून वर सरकला. पेठेतल्या ज्या लोकांनी अण्णारावचं ऐकून स्वस्ताईचे सौदे केले होते ते त्याच्याकडं चमत्कारिक नजरेनं बघायला लागले. बार्शी-लातूरचा माल अजून रानातच होता, तो होळीनंतर येणार. हा हिशेब अण्णारावच्या डोक्यात होता, पण भाव पडणारच या गुर्मीत त्यानं त्याला महत्त्व दिलं नव्हतं. होळीच्या आत घालायचा माल यायचा तो मंद्रूपकडूनच, आणि मंद्रूप गप्प बसलं होतं.

"पीक गेलं कुठं, अण्णा?" अप्पांनी एकदाच विचारलं. तोंड उघडणार नाही म्हणालेल्या माणसानं ते उघडलं, यातच काय ते आलं.

अण्णाराव पहिल्या गाडीनं चिगव्वाकडं गेला. दारातून आत शिरला आणि बघतच राहिला. सोप्यात भिंतीला लावून करडईची पोती रचलेली, पार आढ्यापर्यंत. शेजारच्या घरात तेच, पलीकडच्या घरात तेच. पीक कुठं गेलं नव्हतं, त्यानं सांगितलं होतं तेवढंच आलं होतं. फक्त कुणी विकत नव्हतं.

"चिगव्वा, ही विकली का नाहीस?"

"भाव येणार हाय म्हनं की."

"कोण म्हणतं? वासरानं तर हुंगलंसुद्धा नाही!"

"वासराचं सोड रं. ती मुकी जात, त्येला काय कळतंय?" निंगव्वा म्हणाली. "तू आला हुतास न्हवं? जल्मात कवा यापारी बांधावर आलेला बगितला न्हाय कुनी. तू आलास, बोंडं मोजलीस, पानं उलटी केलीस, ढेकळं फोडलीस. लोकांनी वळखलं, शहराला करडई पायजे हाय. त्याबिगर अडत्या काट्यात कशाला शिरंल? पलीकडच्या गावात तर म्हनत्यात की मुंबैचा सायब जीपगाडी घिऊन आला हुता."

"जीप कसली! मीच होतो तो. एसटीनं."

"व्हय. पन म्हनत्यात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पेरा अण्णारावनं विचारला, पाऊस विचारला, मावा विचारला; आपल्याला बघून बांधावरच्या माणसाच्या मनात काय आलं असेल, एवढंच तेवढं विचारलं नाही. भाव रानात ठरतो, हे त्याचंच वाक्य. आणि स्वतःच्या पायांनी जाऊन तो भाव तोच ठरवून आला होता.

चावडीसमोर पाच-पंचवीस माणसं जमली तेव्हा तो कळवळून बोलला. "ऐका माझं. पीक सगळीकडं उदंड आहे. लातूरचा माल आला की भाव पडणार. आत्ता विका, फायद्यात राहाल."

लोकांनी ऐकून घेतलं. मग गुरप्पा नावाचा म्हातारा दात नसलेल्या तोंडानं हसला. "यापारी म्हनतोय भाव पडनार, आत्ता इका. म्हंजी लेका, चांगलाच चढनार की!"

सगळी चावडी हसली. खरं बोललं तरी खोटं, खोटं बोललं तरी खोटं. तो घरी आला. चिगव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"तुजं लई आडलंय का रं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. अप्पांची अट, गादी, बसवजयंती, गिरणीला दिलेला शब्द. काहीच लपवलं नाही. चिगव्वापुढं काय लपवायचं?

"आसं करू," ती म्हणाली. "मी माज्या घरची समदी पोती उद्या गाडीत घालते. निंगव्वा सोताच्या बहिनीच्या पोराला इकती म्हटल्यावर गावबी इकंल. म्हनतील, त्यो काय मावशीला बुडवनार न्हाय. मागनं आजूबाजूची गावंबी येतील. पन माजं बी पोट हाय, आन् माज्यामागनं जी येतील त्येंचं बी हाय. भाव चढला तर मला शिव्या घालतील. म्हनून तू येक कर."

"काय?"

"गळ्यातल्या लिंगावर हात ठिव, आन् सांग, भाव पडनार."

अण्णारावचा हात गळ्याकडं गेला. सदऱ्याच्या आत लिंगाची ती ओळखीची गाठ बोटांना लागली. लिंगायताच्या गळ्यात जन्मापासून असतं ते इष्टलिंग. त्यावर हात ठेवून त्याच्या घरात कुणी खोटं बोलल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याला फक्त दोन शब्द बोलायचे होते. ते दोन शब्द दोन महिने तो पेठेत ओरडून सांगत होता. गिरणीमालकाला तर छाती ठोकून सांगून आला होता.

पण तेव्हा छाती होती, आता हाताखाली लिंग होतं. पावसाचे आकडे त्याला आठवले, बोंडं आठवली, आणि आठवलं की हे सगळं तेव्हाही खरंच होतं, तरी भाव चढलाच. पुन्हा काही तिसरंच निघालं तर? समोर चिगव्वा बसलेली, पायांना भेगा पडलेल्या, सबंध वर्षाची कमाई भिंतीला रचलेली.

त्याचा हात खाली आला.

"मला माहीत नाही, चिगव्वा," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. "जेवून जा."

होळीच्या आत सगळा माल गिरणीत पोचला. अण्णारावनं तो मिळेल तिथून, मिळेल त्या भावानं घेतला आणि दुकानाचा शब्द राखला. दुकानाला बसायचा तो दणका बसला. अप्पांनी तोटा वहीत एका ओळीत लिहिला. चिगव्वाकडं काय झालं ते मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

"तिनं शपथ घे म्हटलं आणि तू घेतली नाहीस."

"नाही घेतली. खात्री नव्हती, अप्पा. ती बुडाली असती तर?"

"चांगलं केलंस. माणूस म्हणून चांगलं केलंस," अप्पा म्हणाले. "पण अण्णा, मावशीपुढं खात्री नव्हती, मग गिरणीवाल्यापुढं कुठनं आली रे? तो परका, म्हणून? गादी वीरूला जाऊ दे."

कुरकुर करायची नाही हे ठरलेलंच होतं. अण्णाराव घरी आला तेव्हा दाक्षायणीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पितळेची भांडी पोत्यात भरायला घेतली. त्या रात्री तो उशीत तोंड खुपसून रडला.

आणि चैत्रात काय व्हावं? लातूर-बार्शीची करडई लोटली. वॅगनीच्या वॅगनी. भाव जो घसरला तो दर बाजाराला आणखी खाली. मग मंद्रूपची गावं जागी झाली आणि घाईघाईनं पोती बाहेर काढायला लागली, त्यानं भाव आणखीच आपटला. अण्णाराव जानेवारीत म्हणाला होता त्याच्याही खाली गेला. पेठेतले लोक म्हणायला लागले, पोरगा म्हणत होता ते खरं निघालं बघा. वरातीमागून घोडं!

बसवजयंतीच्या आदल्या दिवशी चिगव्वाच्या गाड्या दुकानापुढं उभ्या राहिल्या. गादीला नवी खोळ चढवत असलेला वीरभद्रप्पा उठून बाहेर आला, तिच्या पाया पडला आणि बाजारात चालला होता तो भाव तिला सांगितला. तिनं गाडीवानाला हात केला. पोती उतरली, माप झालं. अण्णाराव आत सामान बांधत होता, तो बाहेर येऊन तिच्याजवळ पायरीवर बसला.

"आदीच दिली आसती तर बरं झालं आसतं," ती म्हणाली. "गावाचंबी भलं झालं आसतं. तुजी गादीबी ऱ्हायली आसती."

"हो."

"पडनार हुता, तर सांगायचं न्हवं का रं मला?"

"मला कुठं ठाऊक होतं, चिगव्वा?"

म्हातारीनं त्याच्याकडं वळून बघितलं. चेष्टा नव्हती, राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.

"मंग दोन म्हैनं काट्यातनं हिंडून," तिनं विचारलं, "तू बगितलंस तरी काय?"